तलासरीच्या मशीनवाल्या पोरी

डहाणू रोड

डहाणू रोडला उतरले तेव्हा माझ्याजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत चार साड्या आणि तिखटाची बरणी, दुसरीत अकरा किलो लोखंड. रिक्षावाल्याने दुसरी उचलायला घेतली, अर्ध्यात सोडली आणि यात काय भरलंय म्हणून विचारलं. शिवणयंत्रांचे सुटे भाग, मी सांगितलं. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "ताई, डहाणूला लोक हवा खायला येतात."

मी इचलकरंजीची. माझ्या वडिलांचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. मला भाऊ नाही, त्यामुळे आठवीत असल्यापासून शाळा सुटली की मी त्यांच्या शेजारी बसून रॉकेलमध्ये बॉबीन-केस धुवायची. ते गेल्यावर दुकान मीच चालवते. इतक्या वर्षांत माझा प्रवास म्हणजे कोल्हापूर, सांगली, मिरज. सुटे भाग आणायला फार तर पुणे. समुद्र दोनदा पाहिला, दोन्ही वेळा रत्नागिरीचा. तेव्हा २०१९च्या संक्रांतीनंतर मी महाराष्ट्राच्या अगदी वरच्या टोकाला दहा दिवसांसाठी निघाले, याचं घरच्यांना जेवढं आश्चर्य वाटलं त्याहून जास्त मला वाटलं.

हे घडवून आणलं विजूताईने. ती आमच्या दुकानासमोर राहायची. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शिक्षिका म्हणून तलासरीत गेली आणि तिकडचीच झाली. नोकरी सोडून आता ती शाळा सुटलेल्या मुलींसाठी शिवणवर्ग चालवते, आणि शिवण आलं की स्वतःचं काम कसं उभं करायचं तेही शिकवते. दिवाळीत तिचा फोन आला. वर्गात सोळा मशिनी आहेत, त्यांतल्या नऊ बंद. दुरुस्तीवाला सीमेपलीकडून, वापीहून येतो. म्हणजे येतो म्हणतो. तू ये आणि पोरींना दुरुस्तीच शिकव. मी म्हटलं, मला शिकवता येत नाही. ती म्हणाली, "तू दुरुस्ती करताना फक्त बोलत राहा. बोलायला तर येतं ना?"

विजूताई स्टेशनवर घ्यायला आली होती. तलासरीला जायच्या आधी तिने मला मसोलीच्या एका ओळखीच्या वाडीत नेलं. चिकूची वाडी मी पहिल्यांदाच पाहत होते. आमच्याकडे ऊस, त्यात शिरलं की आकाश दिसत नाही आणि पानं हात कापतात. इथे झाडांखाली चक्क फिरता येतं, गार सावली, आणि वाडीवाल्या काकू पिकलेले चिकू हातावर ठेवत जातात. मी सहा खाल्ले. सातवा नको म्हणाले तर काकूंना वाईट वाटलं, म्हणून तोही खाल्ला.

वाडीबाहेर एका माणसाने ताडाखाली मडकी मांडली होती. नीरा, विजूताई म्हणाली, पण आता ऊन चढलंय, नको घेऊस. नीरा प्रकृतीला चांगली असते हे मी कुठेतरी वाचलं होतं. एक पेला प्यायले. थंड, गोड, किंचित आंबूस. दुसरा प्यायले. तो मडकीवाला माझ्याकडे कौतुकाने बघत होता. सकाळची नीरा दुपारपर्यंत काय होते हे त्याला ठाऊक होतं, विजूताईला ठाऊक होतं. मला ते तलासरीच्या वाटेवर, जीपमध्ये, हळूहळू कळत गेलं.

तलासरी, मांडवाखाली

वर्ग आत भरत नव्हता. त्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीत भूकंपाचे हादरे बसत होते. मोठे क्वचित, लहान सारखे. भिंतींना भेगा गेल्या होत्या, म्हणून विजूताईने सगळ्या मशिनी अंगणात काढून वर मांडव घातला होता. मांडवाखाली सात मुली वाट पाहत बसल्या होत्या, सतरा ते वीस वयाच्या, केसांना तेल लावलेल्या, इचलकरंजीहून येणाऱ्या मेकॅनिकबाईसाठी गंभीर चेहरा करून. आणि मेकॅनिकबाई जीपमधून उतरल्या त्या हसतच.

त्या दिवशी मी शिकवायला नको होतं. पण मला फार उत्साह आला होता. मी एक बंद मशीन घेतलं, फुलांच्या चादरीवर बसले आणि पूर्ण खोललं. मग सगळ्या भागांची नाती लावली. वरचा दोरा म्हणजे सासू, खालचा बॉबीनचा दोरा म्हणजे सून. सासूने जास्त ओढलं तर सून वर दिसते, सुनेने ओढलं तर सासू खाली लोंबते, दोघींनी सारखं धरलं तरच टाका नीट पडतो. शटल हा नवरा, मध्ये नुसता फिरत असतो. कापड पुढे सरकवणारे दाते म्हणजे शेजारी, घरात नसतात पण खालून ढकलत राहतात. मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मी आणखी खुलले. विजूताई खांबाला टेकून, डोक्याला हात लावून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला एवढी शरम वाटली की चहालाही बाहेर येईना. तेवढ्यात एक मुलगी आली आणि शांतपणे म्हणाली, ताई, आम्ही ते मशीन जोडलं. मी धावत बाहेर गेले. जोडलेलं होतं. एकच स्क्रू उरला होता. तो कुठला हे मला पाच मिनिटं शोधावं लागलं.

ती मुलगी सुमन. उधव्याच्या वाटेवरच्या एका पाड्यातली, सतरा वर्षांची, बारीक, दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलणारी. सातवीनंतर शाळा सुटलेली. मशीनला हात लावण्याआधी ती ते नुसतं फिरवून ऐकायची. ही सवय माझ्या वडिलांना होती आणि ती कुणाला शिकवता येत नाही.

दुसरी लक्षात राहणारी म्हणजे जयू. ती झाईची, मच्छीमाराच्या घरची, रोज एसटीने यायची आणि आल्यापासून जाईपर्यंत बोलायची. मराठीत सुरू झालेलं वाक्य गुजरातीतून जाऊन हिंदीत संपवायची. तिचा हात दुरुस्तीत बेताचाच होता, पण बाजारातल्या हार्डवेअरवाल्याकडून तिने मशीनचं तेल, ब्रश आणि वर एक चिमटा फुकट आणला तेव्हा मी तिला नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या मशिनींवर वाकलेल्या असताना तेलाची कुपी टेबलावरून चालायला लागली. मला वाटलं हायवेवरून मोठा ट्रेलर गेला. मग पायाखाली गुरगुरल्यासारखं झालं, आणि मी हातात पेचकस घेऊन मांडवातून जी पळाले ती रस्त्यावर थांबले. वळून पाहते तर सात मुली आपल्या जागी बसलेल्या. एकीने कुपी धरून ठेवली होती. सुमन म्हणाली, "ताई, संपला. मांडवात हाव आपण, इथं काय पडत नाय." त्या हसल्या नाहीत, आणि त्यामुळे मला जास्त ओशाळल्यासारखं झालं. घराबाहेर झोपायची त्यांना सवय झाली होती. मला त्या दहा दिवसांत ती झाली नाही.

पाचव्या दिवसापर्यंत नऊपैकी आठ मशिनी चालू झाल्या. नववं माझ्याकडूनही झालं नाही. त्याचे भाग काढून बाकीच्यांना लावले. रोज संध्याकाळी मी जेवताना बडबडत सुटायची आणि विजूताई म्हणायची, आज नीरा न पिता एवढी?

झाई

विजूताईच्या वर्गात आठवड्यातून दोन दिवस व्यवसायाचे धडे असत. फळ्यावर ग्राहक, किंमत, हमी असे शब्द लिहून ती शिकवत होती. जयूने हात वर केला आणि सांगितलं की तिच्या आईला यातला एकही शब्द येत नाही, पण तिची टोपली रोज रिकामी होते. विजूताईने खडू खाली ठेवला आणि म्हणाली, मग उद्याचा तास तुझ्या आईचा.

झाई म्हणजे महाराष्ट्र संपतो ते गाव. एका बाजूला समुद्र, एका बाजूला वाड्या, आणि थोडं पुढे गेलं की पाट्या गुजरातीत. सकाळी पोचलो तेव्हा होड्या लागल्या होत्या. किनाऱ्यावर बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून वाळत घातले होते. वाऱ्यावर हलणाऱ्या त्या हजारो बोंबिलांखालून चालताना मला आमच्याकडच्या सूत वाळत घातलेल्या अंगणांची आठवण झाली. वास मात्र सुताचा नव्हता.

जयूची आई हिराबाय, उंच, कमरेला घट्ट लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. तिने आमच्याकडे पाहिलं, प्रत्येकीला माशांची एक पाटी दिली आणि बाजारात ओळीने बसवलं. मलाही. तिचा धडा एवढाच होता: गिऱ्हाइकाने माशाला हात लावेपर्यंत भाव सांगायचा नाही, आणि सांगितल्यावर तोंड मिटायचं. "भाव सांगून परत बोललीस म्हंजे तुलाच तो जास्त वाटला," ती म्हणाली.

मी इचलकरंजीत रोज गिऱ्हाइकांशी बोलते. पण पहिल्याच बाईने माझ्या बोंबिलांच्या वाट्याला हात लावला, भाव विचारला, आणि मी भाव सांगून लगेच म्हटलं, ताजे आहेत हो. ती म्हणाली, कमी करा. मी म्हटलं, बरं, तुम्ही सांगा. तिने सांगितला तो भाव ऐकून शेजारच्या दोन कोळणी उठून उभ्या राहिल्या. हिराबायने माझ्या मांडीवरून पाटी उचलली आणि मला मासे धुवायला बसवलं. तिथून मी बाकीच्यांचा तमाशा पाहिला. एक मुलगी भाव सांगून तोंड मिटायची ते इतकं घट्ट की गिऱ्हाइकाला वाटलं तिला बरं नाही. जयू तर एका गुजराती काकांशी त्यांच्या सुनेच्या तब्येतीबद्दल बोलत बोलत त्यांच्या पिशवीत पापलेट ठेवत होती.

सुमन काहीच बोलत नव्हती. ती भाजीभाकरीच्या घरातली, समुद्राचा मासा तिने फारसा हाताळला नव्हता. पण हिराबायने एकदा साफ करून दाखवल्यावर तीही तसाच सफाईने मासा साफ करत होती. लोक तिच्यासमोर थांबून पाहत राहायचे आणि थांबलेला माणूस शेवटी घ्यायचाच. हिराबाय बराच वेळ तिच्याकडे बघत होती. मग मला म्हणाली, "हिला ओरडायची गरज नाय."

दुपारी हिराबायच्या ओसरीवर जेवलो. मी मोठ्या ऐटीत माझी तिखटाची बरणी काढली. कोल्हापूरकडच्या माणसाला तिखटाचा एक माज असतो. मुलींनी चाटून पाहिलं, बरं आहे म्हणाल्या. मग हिराबायने सुक्या बोंबिलाची लाल चटणी वाढली आणि मी बोटभर घास घेतला. पुढची दहा मिनिटं मी अंगणात तांब्या घेऊन फिरत होते. आमचं तिखट समोरून येतं, ते मागून आलं. तांदळाची पांढरी मऊ भाकरी नसती तर मी गेलेच असते. आमच्याकडे ज्वारीची भाकरी थापताना आवाज होतो. ही हिराबायने हातातल्या हातात, गोष्ट सांगत सांगत, कागदासारखी पातळ केली होती. जाताना मी माझी बरणी तिथेच ठेवून आले. मुलांना खायला द्या, म्हटलं.

पाड्यावर

पाचव्या दिवशी सुमन आली नाही. दुपारी विजूताई म्हणाली, चल, जाऊन येऊ. जीपमधून उतरून अर्धा तास चाललो. भात कापलेली शेतं, मधूनमधून ताडाची झाडं, कुडाची घरं. सुमनच्या घराच्या एका कोपऱ्यातली जमीन उलली होती आणि तिकडची भिंत झुकली होती. घराबाहेर बाजा टाकल्या होत्या आणि वर ताडपत्री. सुमन गाठोडी बांधत होती.

तिचे वडील, जानूभाऊ, आम्हाला पाहून उठले. बाज पुढे सरकवली. सुमनच्या आईने मडक्यात पाल्याखाली शिजवलेले कंद, वांगी आणि वालाच्या शेंगा पानावर वाढल्या. धुरकट वासाचं ते जेवण इतकं चांगलं होतं की क्षणभर मी कशासाठी आले तेच विसरले.

मग कळलं. वीटभट्टीवर जायचं होतं. एरवी दिवाळी झाली की ते निघतात, यंदा धाकटी आजारी पडली म्हणून राहिले होते. सोमवारी गाडी येणार होती. नवरा-बायको आणि तीन मुली, सगळ्याच. जून लागेपर्यंत तिकडेच.

विजूताईने सुमनला मागे ठेवता येईल का म्हणून विचारलं. जानूभाऊ चिडले नाहीत. त्यांनी झुकलेली भिंत दाखवली. एकटी पोर या घरात कशी ठेवू, म्हणाले. तलासरीत त्यांची बहीण राहते, हे विजूताईला माहीत होतं. तिने तेही काढलं. बहिणीचं घर लहान, त्यांची माणसं खूप, कामाशिवाय पोरीला कोण पोसेल, ते म्हणाले. मग ताडपत्रीची सुटलेली दोरी ओढून बांधत त्यांनी विचारलं, "इथं काम असतं तर मीच कशाला गेलो असतो?"

अकरा किलो लोखंड घेऊन आलेल्या बाईला पहिल्यांदाच रिकाम्या हाताने आल्यासारखं वाटलं. सुमन गाठ मारत होती, ती सोडून परत मारत होती. विजूताईने वाद घातला नाही. शनिवारी हायवेवर एका कारखान्यात मुलींचं काम आहे, तेवढा एक दिवस सुमनला सोडा, आणि जमलं तर तुम्हीही बघायला या, एवढंच म्हणाली.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, कुठला कारखाना? विजूताई म्हणाली, अजून ठरलेलं नाही. जयूला उद्या पाठवते.

हायवेवर

जयूने ठरवलं. तलासरीच्या हायवेला लागून रमणीकशेठ म्हणून एकांचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना होता. बारा मशिनी, त्यांतल्या पाच बंद, आणि त्यांचा दुरुस्तीवाला काम सोडून सुरतला गेलेला. जयूने त्यांना सांगितलं की शनिवारी माणसं येतील, मशिनी चालू झाल्या तरच मजुरी द्या, आणि काम पटलं तर वर्षभराची देखभाल आमच्याकडे. माणसं म्हणजे कोण हे तिने सांगितलं नाही.

त्यामुळे शनिवारी सकाळी शेठ माझ्याशीच बोलायला लागले. विजूताईने मला आधीच बजावलं होतं, हात मागे बांधून उभं राहायचं. मी म्हटलं, मी पाहुणी, काम या करणार. शेठनी सात मुलींकडे पाहिलं, आपल्या तीन कारागिरांकडे पाहिलं. सरळ माणूस होता, मनातलं बोलला. "बेन, छोकरी लोक मशीनवर शिवतात, मशीन खोलत नाय."

जयू म्हणाली, खोलून बिघडलं तर दुसरं देऊ. कुठून देणार होती देव जाणे.

मुलींनी चादर अंथरली. पहिलं मशीन शटलमध्ये दोरा अडकून बसलं होतं, वीस मिनिटांत चाललं. दुसऱ्याचा सुईदांडा खाली सरकला होता. तिसऱ्यात तेलाऐवजी कुणीतरी खोबरेल घातलं होतं, ते थिजून दगड झालं होतं; रॉकेलने धुऊन ते सुटलं तेव्हा एक कारागीर शिवण थांबवून बघायला आला. चौथ्याला वेळ लागला. माझे हात पाठीमागे एकमेकांना धरून दुखायला लागले. एकदा एका मुलीने स्क्रू उलटा फिरवला तेव्हा मी पुढे झाले आणि विजूताईने माझा पदर ओढला.

पाचवं मशीन राहिलं. त्याचा पट्टा सारखा उतरायचा. शेठनी सांगितलं, तीन वेळा नवा घातला, दोन दुरुस्तीवाल्यांनी पाहिलं, कुणाला जमलं नाही. मुलींनी पट्टा बसवला, चालवून पाहिलं. दहा फेऱ्या झाल्या आणि उतरला. वरचं चाक काढून पाहिलं. खालचं पाहिलं. परत उतरला. मला खात्री होती की वरच्या चाकाचा दांडा वाकलाय. मी तसं विजूताईच्या कानात सांगितलंसुद्धा.

तेवढ्यात दाराशी जानूभाऊ येऊन उभे राहिले. खांद्यावर टॉवेल, आत यावं की नाही असे. सुमनने त्यांना पाहिलं. ती मशीनवरून उठली. मागे सरकून उकिडवी बसली आणि नुसतं पाहत राहिली. मग गाल जमिनीला लागेल इतकी वाकून मशीनच्या पायांखाली बघायला लागली. कारागीर हसले. शेठ म्हणाले, मशीन वर आहे.

सुमनने बोट दाखवलं. फरशीला केसाएवढी भेग गेली होती आणि एका बाजूने फरशी खचली होती. मशीनचा एक पाय हवेत होता. अगदी थोडा, पोस्टकार्ड सरकेल एवढा. त्यामुळे लोखंडी स्टँड पिळला जाऊन दोन्ही चाकं एका रेषेत राहत नव्हती. "मशीन चांगलं हाय," ती म्हणाली. "जमीन हलली." तिच्या घरची बाज हादऱ्यांनंतर अशीच डुगडुगायची, हे तिने मला नंतर सांगितलं.

मी बावीस वर्षं मशिनी दुरुस्त करते. मी कधी फरशी पाहिली नव्हती.

पायाखाली घालायला काहीतरी जाड हवं होतं. लाकूड घसरलं, पुठ्ठा दबला. जयूने सगळ्यांच्या पायांकडे नजर टाकली. मुलींच्या चपला झिजून कागद झालेल्या. मग तिची नजर माझ्या पायाशी थांबली. या प्रवासासाठी मी मुद्दाम जाड रबरी तळाच्या चपला घेतल्या होत्या. ती अतिशय प्रेमाने म्हणाली, ताई, तुम्ही बसा ना जरा. कारागिराच्या कात्रीने डाव्या चपलेची टाच कापली गेली तेव्हा मी स्वतः ती धरून ठेवली होती.

सुमनने तुकडा सरकवला, पट्टा चढवला आणि पॅडल मारलं. दहा फेऱ्या. वीस. मग कुणी मोजायचं सोडलं. तिने निळ्या कापडाची एक लांब पट्टी घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवत नेली. शेठनी ती पट्टी उजेडात धरली, उलटी केली, ताणली. कारागिरांतला म्हातारा स्वतः जाऊन मशीनवर बसला आणि चालवून पाहून उठला. त्याने सुमनच्या डोक्यावर हात ठेवला.

आता भाव. जयू पुढे झाली, वर्षभराच्या देखभालीचा भाव सांगितला आणि तोंड मिटलं. शेठ हसले. फार आहे म्हणाले. जयू गप्प. सुरतवाला याच्या निम्म्यात करायचा, म्हणाले. जयू गप्प. शेठना फोन आला, ते बाहेर जाऊन बोलून आले. जयू तिथेच, तशीच. मी म्हणणारच होते, ठीक आहे हो, थोडं कमी करू. विजूताईने माझ्या डाव्या पायावर पाय ठेवला आणि तो पाय तेव्हा अनवाणी होता. शेठनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पाच चालू मशिनींकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक छे." मग कागद पुढे ओढला. जबाबदार माणूस कोण, नाव लिहा.

जयू पटकन म्हणाली, सुमन.

सुमनने हात ओढणीला पुसले आणि सावकाश, एकेक अक्षर काढत, पूर्ण नाव लिहिलं. वडिलांचं नाव मध्ये येतं ते लिहिताना ती थांबली आणि त्यांच्याकडे पाहिलं. जानूभाऊ आत आले होते. ते मशीनपाशी उभे राहून तो रबराचा तुकडा बघत होते.

"परत उतरेल का?" त्यांनी विचारलं.

"जमीन परत हलली तर उतरेल," सुमन म्हणाली. "मग मी परत बसवीन."

त्यांनी मान हलवली. बाहेर आल्यावर, मुली रस्त्यापलीकडच्या फरसाणवाल्याकडे धावल्यावर, ते विजूताईला म्हणाले की बहिणीशी बोलून येतो. सोमवारी आम्ही चौघं जाऊ. एवढं सांगून ते टॉवेल झटकून चालायला लागले, आणि सुमन जिलब्यांचा पुडा घेऊन त्यांच्यामागे पळत गेली.

नंतरचं मला नीट सांगता येणार नाही. एका टमटममध्ये आम्ही नऊ जणी बसलो. गरम जिलबी, फाफडा, तळलेली मिरची, सगळ्यांचे हात तेलाने काळे. कोणीतरी लग्नातलं गाणं काढलं, मला त्यातला एक शब्द कळत नव्हता तरी मी मोठ्याने म्हणत होते. उतरल्यावर एक चप्पल उंच आणि एक सपाट अशी मी लंगडत चालले, आणि सातही जणी माझ्यामागे तशाच लंगडत आल्या. वाटेवरच्या एका म्हाताऱ्याने थांबून विचारलं की या सगळ्यांना काय झालं.

निघताना

दहाव्या दिवशी सगळ्या जणी मला हायवेवरच्या थांब्यावर सोडायला आल्या. सोमवारी गाडी येऊन गेली होती आणि सुमन आत्याकडे राहायला आली होती. आदल्या संध्याकाळी धाकटीची आठवण काढून ती थोडी रडली, असं जयूने मला बाजूला घेऊन सांगितलं. पण सकाळी सगळ्यांच्या आधी मांडवात तीच होती.

बसची वाट बघत होतो. तेवढ्यात समोरून एक बाई रस्ता ओलांडून आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर शिवणयंत्राचं काळं डोकं, एका हाताने धरलेलं. कुठल्याशा पाड्यावरून चालत आली होती, घामाने भिजली होती. मशीन दुरुस्त करणाऱ्या मुली कुठे भेटतील, असं ती आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर, म्हणजे मला, विचारायला लागली. माझे हात आपोआप पुढे झाले. मी मशीन उतरवून घेतलं आणि चाक फिरवून पाहणार तोच जयूने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"मावशी, इकडं द्या. या ताई पाहुण्या हायत."

सातही जणी तिथेच, थांब्याच्या कट्ट्यावर, त्या मशीनभोवती बसल्या. सुमन डोळे मिटून चाक फिरवत होती. जयू त्या मावशीला नाव, गाव विचारत होती, भाव अजून सांगत नव्हती. माझी बस आली. मी येते म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. कंडक्टरने पिशव्या आत घेतल्या, दुसरी, लोखंडाची, या वेळी एका हाताने उचलली गेली. मी खिडकीशी बसले. बस निघाली तेव्हा मागे नुसत्या सात पाठी दिसत होत्या, जवळजवळ आलेल्या, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी चाक फिरल्याचा आवाज. मी एकटीच हसत होते. शेजारची बाई जरा सरकून बसली.